भरलेले काडतूस पुन्हा उघडताना
(प्रस्तावना)

रीलोडिंगवरची पुस्तके काडतूस भरायचे कसे ते सांगतात. पुंगळी साफ करा, मापात आणा, टोपी बसवा, दारू तोला, गोळी दाबा. पानामागून पाने याच क्रमाने जातात आणि अगदी शेवटी, परिशिष्टाच्या आसपास, चुकीचे भरले गेलेले काडतूस उघडायच्या हत्याराबद्दल चार ओळी येतात. माझ्या मते त्या चार ओळी पहिल्या प्रकरणात हव्यात. भरलेले काडतूस सुरक्षितपणे उघडायची सोय ज्याच्या टेबलावर नाही, त्याने पहिले काडतूस भरायलाच घेऊ नये. हे पुस्तक बुलेट पुलर या एकाच हत्याराबद्दल आहे, आणि एवढ्याशा हत्याराला अख्खे पुस्तक कशाला, असे विचारणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना जरा लांबवली आहे.

विषय नवा असणाऱ्यांसाठी आधी थोडे मुळापासून. काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली टोपी म्हणजे प्राइमर, पोटात दारू आणि तोंडाशी घट्ट धरलेली गोळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, टोपी निकामी होते. पुंगळी मात्र उरते, आणि सहसा चौघांत महाग तीच असते. तीच पुंगळी मापात आणून पुन्हा भरणे म्हणजे रीलोडिंग. अमेरिकेत हा छंद गॅरेजमध्ये आणि तळघरात चालतो. काहीजण पैसे वाचवायला भरतात, काहीजण आपल्या रायफलला नेमके मानवेल असे काडतूस हवे म्हणून भरतात, आणि बाजारात काडतुसे मिळेनाशी झाली की बाकीचेही त्यांना येऊन मिळतात. डिसेंबर २०१२ नंतर असे झाले, २०२० मध्ये पुन्हा झाले.

या धंद्यातली मोठी नावेही टंचाईतूनच वर आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोळ्या मिळेनात, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी वापरलेल्या .२२ रिमफायर पुंगळ्यांपासून गोळ्यांची वेष्टने घडवणारी डाय, म्हणजे साचा, तयार केली. त्यातून १९४३ मध्ये आरसीबीएस ही कंपनी उभी राहिली. तिचे काडतूस भरायचे हिरवे प्रेस आणि पुलर आज जगभर दिसतात. युद्ध संपल्यावर कॅन्ससमधल्या ब्रूस हॉजडन यांनी सरकारची शिल्लक दारू विकत घेऊन हौशी मंडळींना विकायला सुरुवात केली. त्यांची पुढे गाजलेली ४८३१ ही मुळात २० मिलिमीटर तोफेच्या काडतुसांसाठी बनलेली दारू होती. एका कामासाठी केलेला माल सोडवून दुसऱ्या कामी लावणे या छंदाच्या रक्तातच आहे. बुलेट पुलर हे त्या वृत्तीचे सर्वांत छोटे हत्यार.

पण काटकसर हे पुलर घेण्याचे दुय्यम कारण. पहिले कारण शंका.

शंका कुठून येते हे पाहायला .३८ स्पेशल घ्या. हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूसाठी आखले गेले, म्हणून पुंगळी ऐसपैस. आज निशाणेबाजीसाठी तिच्यात १४८ ग्रेनची सपाट तोंडाची वॉडकटर गोळी आणि तीन ग्रेनच्या आसपास झपाट्याने जळणारी धूररहित दारू घालतात. सात हजार ग्रेन म्हणजे एक पौंड. तीन ग्रेन म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. पुंगळीत डोकावले तर तळाशी राखाडी चकत्यांचा पातळ थर दिसतो, वर सगळी पोकळी. या पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तरी ती तोंडाशी येत नाही, सांडत नाही, हाताला काही जाणवत नाही. तिसऱ्यांदा पडली तरी मावते. अमेरिकेतली सामी ही प्रमाणन संस्था या काडतुसाला चौरस इंचामागे १७,००० पौंड एवढाच कमाल दाब मान्य करते, आणि दारू दुप्पट झाली की दाब दुपटीवर थांबत नाही. तो त्याच्या कितीतरी पुढे जातो.

उलट चूकही तितकीच वाईट. दारू पडलीच नाही तर एकट्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकते. आवाज फुसका येतो. नेमबाजाच्या ते लक्षात आले नाही आणि त्याने पुढचा बार काढला तर पाठीमागून येणारी गोळी अडकलेल्या गोळीवर आदळते, नळी फुगते किंवा फुटते.

हे टाळायला पन्नास पुंगळ्यांची पाटी दारू घालून झाल्यावर दिव्याखाली धरायची आणि प्रत्येकीत डोकावायचे, ही शिस्त सगळेच सांगतात. ती पाळावीच. पण पाळणारेही माणसेच असतात. मधेच फोन वाजतो, मूल दारात येऊन उभे राहते, आणि परत येऊन पाहावे तर पाच पुंगळ्यांवर गोळ्या बसलेल्या असतात आणि त्यांच्यात डोकावल्याचे आठवत नाही. गोळी बसली की आतले काही दिसत नाही. तराजूवर ठेवून पाहावे म्हटले तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांच्या वजनातच तीन ग्रेनहून जास्त फरक असतो, ओतीव शिशाच्या गोळ्यांतही ग्रेन-दोन ग्रेनचा फरक सहज पडतो. जी दारू शोधायची तिचे वजन त्या फरकात बुडून जाते. अशा वेळी ज्याच्याकडे पुलर नाही तो स्वतःची समजूत घालायला लागतो. असेल बरोबर. आपण कधी चुकत नाही. पाच काडतुसे टाकून द्यायची तर त्यातल्या टोप्या जिवंत, दारू जिवंत, केराच्या डब्यात घालवत नाहीत. मग ती पाच काडतुसे भरलेल्या काडतुसांच्या डब्यात जातात, आणि तिथून एक दिवस रिव्हॉल्वरमध्ये. ज्याच्याकडे पुलर हाताशी आहे त्याला एवढा विचार करावा लागत नाही. तो पाचही उघडतो, दहा मिनिटांत मोकळा होतो. माझ्या लेखी या हत्याराची किंमत त्या दहा मिनिटांत आहे. शंका आली की लगेच तिच्या बाजूने निर्णय घेता येतो.

हे मराठीत का, आणि कोणासाठी, हेही सांगायला हवे. अमेरिकेत स्थायिक झालेले बरेच मराठी लोक आता शिकारीच्या हंगामात रानात जातात, शनिवारी क्लबावर निशाणे लावतात. मी ओहायोत राहतो आणि या मंडळींचे प्रश्न मला मराठीतच येतात, म्हणून उत्तरही मराठीत. स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला अमेरिकेत केंद्रीय परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरायची झाली तर लागतो. मात्र एच-१बी किंवा एफ-१ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की केंद्रीय कायद्याने त्यांना बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्ड झाल्यावर ही अडचण राहत नाही. राज्यांचे कायदे वेगळे, ते आपापल्या राज्यात तपासून घ्यावेत. आणि भारतातल्या वाचकांना स्पष्टच सांगतो: १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याशिवाय काडतूस तयार करणे गुन्हा आहे. या पुस्तकातले काहीही तिथे घरी करून पाहायचे नाही.

महाराष्ट्राला नेमबाजीचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचे कांस्य आणले. त्यामुळे मला हमखास विचारतात की हे खेळाडूही काडतुसे भरतात का. नाही. त्यांची स्पर्धा .२२ लाँग रायफल या रिमफायर काडतुसाची. त्यात वेगळी टोपी नसते. ठिणगी पाडणारे रसायन पुंगळीच्या बुडाच्या कडेतच, आतून गोल पसरलेले असते, आणि घोडा कडेवरच पडतो. एकदा ती कड चेपली की पुंगळीचे काम संपले. हे इथेच सांगण्याचे कारण खेळाडूंपुरते नाही. पुलर काडतुसाला धरतो तो बुडाच्या कडेला. रिमफायरमध्ये स्फोटक नेमके त्याच जागी असते. म्हणून .२२ रिमफायर काडतूस कुठल्याही पुलरमध्ये, विशेषतः आपटायच्या पुलरमध्ये, कधीही घालायचे नाही. पुलर बनवणाऱ्या कंपन्या ही सूचना ठळक अक्षरांत देतात. मी ती त्यांच्यापेक्षा ठळक देतो.

आता हत्यारांकडे. मुख्य प्रकार दोन, तिसरा आटोपशीर.

पहिला प्रकार हातोडीचा. दिसायला प्लॅस्टिकच्या हातोडीसारखा, पण डोके पोकळ. मागच्या बाजूला आट्यांचे झाकण असते, त्यात तीन तुकड्यांचा छोटा कॉलेट बसतो आणि तो पुंगळीच्या कडेला धरतो. काडतूस उलटे, गोळी हातोडीच्या तोंडाकडे, असे आत सोडायचे, झाकण आवळायचे आणि हातोडी कठीण जागी आपटायची. कुऱ्हाडीला नवा दांडा बसवताना दांड्याचे बूड दगडावर आपटतात, दांडा थांबतो आणि वरचे लोखंड स्वतःच्या वेगाने खाली सरकत घट्ट बसते. इथेही तेच घडते. हातोडी थांबते, तिने धरलेली पुंगळी थांबते, गोळी थांबायला तयार नसते. ती पुंगळीची पकड सोडून पुढे येते आणि दारूसकट हातोडीच्या पोकळ डोक्यात पडते. झाकण उघडून पुंगळी काढायची, डोके वाडग्यात उलटे करायचे, गोळी एकीकडे, दारू एकीकडे.

ही यंत्रणा समजली की या हातोडीचे गुणदोष पाठ करावे लागत नाहीत. सगळे गोळीच्या वजनावर आहे. .४५ एसीपीची २३० ग्रेनची गोळी पंधरा ग्रॅमच्या जवळ जाते, ती एका-दोन फटक्यांत बाहेर येते. .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी साडेतीन ग्रॅमची. तिच्या अंगात ओढ कमी आणि पुंगळीची पकड मात्र घट्ट, त्यात क्रिम्प केलेला (पुंगळीचे तोंड गोळीवर आवळलेले) असेल तर विचारू नका. मग फटक्यामागून फटके, शेजारी विचारायला येईपर्यंत. नवशिके इथे जोर वाढवतात आणि प्लॅस्टिक तडकवतात. जोर वाढवायच्या आधी आपटायची जागा बदलावी. लाकडी टेबल लवचिक असते, फटका पिऊन टाकते. तळघराची काँक्रीटची फरशी, ऐरण, किंवा जाड ओंडक्याचा आडवा कापलेला, रेषा उभ्या असलेला चेहरा, यांपैकी एखादा हवा. फटका मनगटातून, झटक्याचा, तोंड सपाट पडेल असा. दोन-तीन फटक्यांनंतर थांबून काडतूस झाकणात सैल तर झाले नाही ना, ते पाहावे. आणि डोक्याच्या तळाशी कानात घालायचा फोमचा बोळा टाकून ठेवावा, म्हणजे प्लॅस्टिकच्या टोकाच्या किंवा उघड्या शिशाच्या नाजूक गोळ्या आत आदळून बोथट होत नाहीत. दारूचे कण मात्र प्लॅस्टिकच्या भिंतींना चिकटतात. हिवाळ्यात, कोरड्या हवेत, जास्तच. एक काडतूस उघडून दुसरे घालण्याआधी डोके झटकून पूर्ण रिकामे करावे.

एक सवय मी पाहतो ती मला आवडत नाही. हातोडीचा तीन तुकड्यांचा कॉलेट हाताळायला किचकट, म्हणून लोक त्याच्या जागी प्रेसचा, पुंगळीचे बूड धरणारा शेल होल्डर वापरतात. सोयीचे आहे खरे. पण हातोडी ज्या पकडीसाठी आखली आहे ती पकड तिच्यासोबत आलेल्या कॉलेटचीच. काडतूस फटक्याच्या क्षणी हलले, निसटले, टोपीवर काही घासले, तर हातात जिवंत काडतूस आहे हे विसरून चालणार नाही. कॉलेटचा किचकटपणा सोसावा. तो सोसवत नसेल तर झाकण फिरवूनच पकड बसणाऱ्या हातोड्याही मिळतात. त्या घ्याव्यात. डोळ्यांवर चष्मा मात्र दोन्हीकडे हवाच.

दुसरा प्रकार प्रेसवरचा, कॉलेटचा. प्रेसच्या डोक्यात डाय बसते तिथेच हा बसतो. आटेही तेच, सात अष्टमांश इंच व्यासाचे, इंचाला चौदा. खालून रॅम, म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा दट्ट्या, काडतूस वर आणतो, गोळीचा उघडा भाग कॉलेटच्या जबड्यांमध्ये येतो, वरून आवळले की जबडे गोळीला घट्ट धरतात. मग रॅम खाली घ्यायचा. पुंगळी खाली येते, गोळी वर राहते. आवाज नाही, धक्का नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दारू पुंगळीतून हलत नाही. आरसीबीएसच्या पुलरमध्ये वरचा दांडा फिरवून आवळावे लागते, हॉर्नडीच्या कॅम-लॉकमध्ये खटका आडवा केला की पकड बसते आणि उभा केला की गोळी सुटते. फॉर्स्टरचाही असाच एक आहे. पुलरचे अंग एकदाच घ्यायचे, पण गोळीच्या प्रत्येक व्यासाला वेगळा कॉलेट विकत घ्यावा लागतो. .३०८ विंचेस्टर आणि .३०-०६ दोन्हींची गोळी एकाच व्यासाची, म्हणून एक कॉलेट दोघांना चालतो. .२२३ ला दुसरा लागतो.

या पुलरचे सामर्थ्य कळायला कॅम्प पेरीची गोष्ट सांगायला हवी. लेक ईरीच्या काठावरचे हे मैदान १९०७ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांचे घर आहे. तिथे सैन्याचे ७.६२ मिलिमीटरचे मॅच काडतूस, एम११८, खेळाडूंना मिळे. त्यातली गोळी १७३ ग्रेनची, आणि कुशल नेमबाजांना ती पुरेशी नेमकी वाटत नसे. सिएरा कंपनीची १६८ ग्रेनची मॅचकिंग गोळी तिच्याहून कितीतरी अचूक होती. मग नेमबाजांनी काय केले, तर सैन्याच्या काडतुसातली गोळी प्रेसवर उपसली, पुंगळी, टोपी आणि दारू जशीच्या तशी ठेवली आणि वर मॅचकिंग दाबून बसवली. या काडतुसांना ‘मेक्सिकन मॅच’ म्हणत. पुढे सैन्यानेच १६८ ग्रेनची मॅचकिंग घातलेले एम८५२ काढले, यावरून त्या हौशी मंडळींची नजर किती अचूक होती ते दिसते. हे काम हातोडीने होण्यासारखे नाही. प्रत्येक फटक्याला दारू डोक्यात सांडली असती, पुन्हा तोलून भरावी लागली असती, शेकडो वेळा.

त्या कामात एक अडचण होती आणि तिची युक्ती आजही उपयोगी पडते. सैन्याच्या काडतुसात पाणी शिरू नये म्हणून पुंगळीच्या मानेत डांबराचा काळा थर लावलेला असे. गोळी नुसती ओढली तर कॉलेट तिच्यावरून घसरे किंवा पुंगळीची कड ताणली जाई. म्हणून आधी सीटिंग डायने, म्हणजे गोळी बसवायच्या डायने, गोळी अगदी किंचित, केसभर, आणखी आत दाबायची. ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, डांबराची पकड सुटते. मग ओढायची. जुन्या घरगुती काडतुसांतही असेच होते. डांबर नसले तरी वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून बसलेले पुंगळीचे पितळ आणि गोळीचे तांबे धरून ठेवतात. त्यांनाही हाच उपाय. हातोडी वापरणाऱ्यांनीही हट्टी काडतूस आधी असे सैल करून घ्यावे, निम्मे फटके वाचतात.

मात्र कॉलेटला धरायला काहीतरी लागते. रायफलची लांब गोळी पुंगळीबाहेर बरीच उघडी असते, तिचे सरळ अंग जबड्यांना सापडते. पिस्तुलाची गोळी बुटकी, तोंडाशी लगेच गोलावलेली, जबडे तिच्यावरून सटकतात. मऊ शिशाची असेल तर ओरखडे पाडून सटकतात. आणि ज्या .३८ स्पेशलपासून आपण सुरुवात केली तिची वॉडकटर तर पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसते. बाहेर काहीच नाही. जगातल्या सर्वांत महाग कॉलेटलाही तिथे धरायला जागा नाही. आणि डोळ्याला न दिसणारी दुप्पट दारू सर्वांत सहज पडते ती नेमकी याच काडतुसात. म्हणून माझा सल्ला नेहमी एकच असतो: पहिली खरेदी हातोडीची. ती स्वस्त आहे, .२२ हॉर्नेटपासून .४५८ विंचेस्टर मॅग्नमपर्यंत जवळजवळ सगळी सेंटरफायर काडतुसे दोन-तीन कॉलेटांत उघडते, आणि तिला प्रेसही लागत नाही. प्रेस विकत घ्यायच्या दिवशी हातोडीही घ्यावी. खरेदीच्या टोपलीत ती मावत नसेल तर एखादी दुसरी वस्तू मागे ठेवावी.

कॉलेटचा पुलर दुसरा येतो, तोही गरज पडल्यावर. गरज केव्हा पडते ते ओळखणे अवघड नाही. एकाच मापाची रायफलची काडतुसे शेकड्याने उघडायची आहेत. गोळी पाव मिलिमीटर जास्त आत बसली आणि सगळी पेटी पुन्हा जुळवायची आहे. किंवा महाग मॅच गोळ्या वाचवायच्या आहेत आणि त्यांची टोके दुखवायची नाहीत. अशा वेळी हातोडीने दहा काडतुसे होईपर्यंत हात आणि घरचे दोघेही कंटाळतात. घ्यायचाच झाला तर आरसीबीएस आणि हॉर्नडी यांत मी हॉर्नडीच्या खटक्याकडे झुकतो. शंभर काडतुसांत शंभर वेळा दांडा फिरवणे आणि शंभर वेळा खटका पाडणे यांत मनगटाला बराच फरक पडतो. पण आरसीबीएसचा दांडा पकड किती घट्ट करायची यावर जास्त ताबा देतो आणि पातळ वेष्टनाच्या गोळ्यांना ते बरे पडते. दोघांचे कॉलेट एकमेकांत चालत नाहीत हे मात्र खरेदीआधी लक्षात असू द्यावे.

तिसरा प्रकार पकडीसारखा. ग्रिप-एन-पुल नावाने मिळतो. प्रेसच्या डोक्यातली डाय काढायची, रॅमने काडतूस वर आणायचे, डोक्यावरून बाहेर डोकावलेली गोळी या पकडीच्या खाचेत धरायची आणि रॅम खाली. कॉलेट लागत नाही, वेगवेगळ्या व्यासांच्या खाचा एकाच पकडीत असतात. रायफलपुरते ठीक. बाजारातली साधी कटिंग पकड वापरूनही हे होते, पण ती गोळीच्या अंगात दात रुतवते आणि अशी गोळी पुन्हा वापरण्याच्या लायकीची राहत नाही.

काही काडतुसे मात्र कुठल्याच पुलरमध्ये घालायची नाहीत. रिमफायरचे सांगून झाले. दुसरी जात सैन्याच्या खास काडतुसांची, ज्यांच्या गोळीच्या टोकाला रंग असतो. अमेरिकी काडतुसांत काळे टोक चिलखतभेदी, नारिंगी किंवा लाल टोक ट्रेसर, निळे टोक आग लावणारे. ट्रेसरच्या आणि आग लावणाऱ्या गोळीच्या पोटात स्वतंत्र जळणारे रसायन असते, आणि ते आपटायची किंवा चिमटायची वस्तू नाही. आजोबांच्या ट्रंकेत, गॅरेज सेलमध्ये, जुन्या शिकाऱ्याच्या घरी अशी काडतुसे निघतात. ती स्थानिक पोलिसांच्या ताब्यात द्यावीत. हिरव्या गंजाने पुंगळी आणि गोळी एकजीव झालेली काडतुसेही त्यांच्याबरोबरच द्यावीत.

काडतूस उघडले म्हणजे काम संपले असे नाही, आणि या पुस्तकाची शेवटची दोन प्रकरणे त्यापुढच्या कामाची आहेत. हातात आता चार सुटे भाग आहेत आणि चारांची गत वेगळी. दारू कोणती, हे निःसंशय माहीत असेल, म्हणजे तीच आजची भरणी, तोच उघडा डबा समोर, तरच ती परत डब्यात जाते. एरवी नाही. रंग आणि आकार पाहून दारू ओळखता येते असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. सारख्या दिसणाऱ्या दोन दारूंच्या जळण्याच्या वेगात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. दारूची चाचणी करायची सोय तळघरात नसते. अनोळखी दारू उघड्यावर, मोकळ्या जमिनीवर, थोडी थोडी करून जाळून टाकावी, किंवा बागेत पातळ पसरावी. तिच्यात नत्र असते, गवताला चालते.

टोपी अजून जिवंत आहे हे क्षणभरही विसरायचे नाही. पुंगळी पुन्हा वापरायची तर टोपी आत तशीच ठेवून वापरणे सर्वांत चांगले. फक्त साइझिंग डायमधली (पुंगळी मापात आणणाऱ्या डायमधली) टोपी पाडायची सुई आधी काढून ठेवावी, मान पुन्हा आवळून घ्यावी, मग नव्याने तोललेली दारू. जिवंत टोपी काढायचीच असेल तर प्रेसवर, सावकाश, चष्मा लावून. खिळ्याने आणि हातोडीने कधीच नाही.

गोळ्या बहुतेक वेळा नव्यासारख्या निघतात. कॉलेटच्या खुणा, क्रिम्पचे बारीक कडे, किंचित चेपलेले टोक, एवढेच. वाकड्या निघालेल्या बाजूला काढून वितळवायच्या डब्यात टाकाव्यात. बाकीच्या डब्यात भरून डब्यावर व्यास, वजन आणि त्या कुठल्या भरणीतून उपसल्या ते लिहून ठेवावे. सरावाला त्या उत्तम चालतात. स्पर्धेच्या पेटीसाठी नव्या घ्याव्यात.